तेच दोघे

एखादी अनपेक्षित गोष्ट घडून आली, म्हणजे तिला 'चमत्कार' हें नांव देऊन मोकळें होण्याची आपणांस मोठी संवय आहे. नापास होणारा मुलगा पास झाला, बुडत चाललेलें दुकान सांवरलें, हरत आलेला सामना जिंकला गेला, कीं 'चमत्कारच म्हणावयाचा !' असे उद्गार काढून आपण स्वस्थ बसतों. परंतु मनुष्याच्या कष्टानें झालेल्या गोष्टीस हें नांव देणें म्हणजे कष्ट करणाराची मजुरी बुडविण्यासारखें आहे, असें माझें नम्र मत आहे. ज्या शाळेंत हा शब्द आदरानें उच्चारावयास शिकवितात, तेथील विद्यार्थ्यांनीं तरी तो इतका स्वस्त करूं नये. हें मत स्पष्ट करण्यासाठीं मी क्रिकेटच्या एका दिवसाचा दाखला देणार आहें. कोलकात्याच्या ईडन गार्डन्स मैदानावरील ता. १४ मार्च २००१, बुधवार, हा तो दिवस होय. त्या दिवशीं जें झालें, त्यास चमत्कार म्हणण्याची रूढीच पडून गेली आहे.

त्या दिवसाचें मोल कळण्यास आधींची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. स्टीव्ह वॉच्या नेतृत्वाखालील ऑस्ट्रेलियाचा संघ त्या वेळीं अजिंक्य मानला जात होता. मुंबईच्या वानखेडे मैदानावरील पहिला कसोटी सामना त्यानें तीन दिवसांत दहा गडी राखून जिंकला. तो त्याचा ओळीनें सोळावा विजय होता. कोलकात्यास दुसऱ्या सामन्यांत त्याच्या पहिल्या डावांत ४४५ धावा झाल्या. वीस वर्षांच्या हरभजन सिंगनें सात बळी घेतले, आणि लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद करून कसोटी सामन्यांतील भारताची पहिली हॅटट्रिक नोंदविली. तरीहि भारताचा डाव १७१ धावांत आटोपला. २७४ धावांची पिछाडी, आणि फॉलो-ऑनच्या नियमाप्रमाणें लगेच पुन्हां फलंदाजीस उतरण्याची नामुष्की ! तिसऱ्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हां दुसऱ्या डावांत चार गडी बाद २५४ धावा झाल्या होत्या. सचिन तेंडुलकर व कर्णधार सौरव गांगुली हे दोघेहि परतले होते. व्ही. व्ही. एस. लक्ष्मण १०९ व राहुल द्रविड ७ धावांवर खेळत होते, आणि पहिल्या डावाचें कर्ज फिटावयास अजून वीस धावा कमी पडत होत्या.

मी त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत असून वसतिगृहांत राहत होतों. परीक्षा तोंडावर आलेली. त्यामुळें पुष्कळांनीं सामन्याचा नाद तिसऱ्या दिवशींच सोडून दिला होता. चवथ्या दिवशीं सकाळीं दूरचित्रवाणीसमोर आम्ही पांचसहा जण होतों. आमचे स्वयंपाकी, ज्यांना सर्व मुलें मामा म्हणत, चुलीपासून उठून मधून मधून दारांत येत आणि 'कोण खेळतंय रे?' असें विचारीत. 'तेच दोघे, मामा,' असें आम्ही सांगत असूं. जेवणाच्या सुटींत त्यांनीं विचारलें, उत्तर तेंच. चहाच्या वेळीं विचारलें, उत्तर तेंच. दुपारनंतर ही बातमी खोल्याखोल्यांतून पसरली, पुस्तकें मिटून मुलें येऊं लागलीं, आणि अखेर उभें राहावयासहि जागा उरली नाहीं. शेवटच्या तासांत जो जेथें बसला होता तेथून तो हालेना; हाललें तर गडी बाद होईल, अशी सर्वांची समजूत ! संध्याकाळीं मामा आले ते कांहीं न विचारतांच म्हणाले, 'तेच दोघे ना? मग सरका जरा, मलाहि बसूं द्या.'

खेळ संपला तेव्हां धावा झाल्या होत्या चार गडी बाद ५८९. लक्ष्मण २७५, द्रविड १५५. दिवसभरांत नव्वद षटकें, ३३५ धावा, आणि एकहि गडी बाद नाहीं. सुनील गावसकरनें १९८३ सालीं वेस्ट इंडीजविरुद्ध केलेल्या नाबाद २३६ धावांचा भारतीय उच्चांकहि त्याच दिवशीं मागें पडला.

आतां हिशेब पाहा. ३३५ हा आंकडा डोळे दिपवितो खरा; पण नव्वद षटकांत तो वांटला तर दर षटकास चार धावाहि वांट्यास येत नाहींत. म्हणजे आभाळांतून एकाएकीं कांहीं कोसळलें नव्हतें. पांचशें चाळीस चेंडू एकामागून एक आले, आणि ज्या चेंडूचा निकाल त्याच चेंडूला लागला. मॅकग्रा, गिलेस्पी, कॅस्प्रोविच व वॉर्न यांच्यानें गडी निघेना, तेव्हां इतरांच्या हातीं चेंडू देण्यांत आला. त्या एका डावांत ऑस्ट्रेलियाच्या नऊ जणांनीं गोलंदाजी केली. शेन वॉर्न फलंदाजाच्या पायांमागील उखडलेल्या जागेंत चेंडू टाकी, आणि लक्ष्मण पुढें सरसावून तसलाच चेंडू कधीं डावीकडे तर कधीं उजवीकडे सीमेपार धाडी. असा फटका एका रात्रींत अंगीं येत नाहीं. लक्ष्मणची पाठ धरलेली होती, द्रविडच्या पायांत गोळे येत होते. चमत्कारांत पाठ दुखत नाहीं. ती कामांत दुखते.

या कामाची पूर्वतयारीहि पाहण्यासारखी आहे. त्या काळीं लक्ष्मणची भारतीय संघांतील जागा पक्की नव्हती. तरीहि १९९९-२००० च्या हंगामांत, जेथें टाळ्या वाजवावयास प्रेक्षकहि फारसे नसतात अशा रणजी सामन्यांत, त्यानें हैदराबादकडून १,४१५ धावा जमविल्या. कोलकात्याच्या पहिल्या डावांत इतर फलंदाज कोसळत असतां त्यानें ५९ धावा केल्या, म्हणून दुसऱ्या डावांत त्याला सहाव्याऐवजीं तिसऱ्या क्रमांकावर पाठविण्यांत आलें. ही तिसरी जागा द्रविडची होती. द्रविड सहाव्या जागीं गेला. हक्काची जागा दुसऱ्यास मिळाली असतां, त्याच दुसऱ्याच्या जोडीला दिवसभर उभें राहून त्याचें काम तडीस नेणें, यास मनाची मोठी तालीम लागते. लोक लक्ष्मणच्या २८१ धावांची आठवण काढतात, ती योग्यच आहे. पण द्रविडच्या १८० धावांत मला शिक्षणाच्या दृष्टीनें अधिक वाचावयास सांपडतें.

यावर कोणी पालक म्हणतील, 'हे तर धंदेवाईक खेळाडू. पैसे घेऊन खेळणारे. त्यांच्यापासून मुलांनीं काय शिकावें?' मी म्हणतों, पैसे घेऊन काम तर आपण सारेच करतों. घेतलेल्या पैशाचें काम चोख झालें कीं नाहीं, हाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर त्या दोघांनीं पूर्ण दिवसभर दिलें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कष्ट केले म्हणजे यश येतेंच, असें थोडेंच आहे? नाहीं, तसें नाहीं. पांचव्या दिवशीं भारतानें सात गडी बाद ६५७ वर डाव सोडला. चहाच्या वेळेस ऑस्ट्रेलियाचे तीनच गडी बाद होऊन १६१ धावा झाल्या होत्या. उरलेले सात गडी शेवटच्या सत्रांत पडले, डाव २१२ वर संपला, आणि भारत १७१ धावांनीं विजयी झाला. हरभजननें सहा बळी घेतले, तर तेंडुलकरनें तीन. फॉलो-ऑन मिळालेल्या संघानें कसोटी जिंकण्याचा प्रकार त्यापूर्वीं १८९४ व १९८१ सालीं, असा दोनदांच झाला होता. पुढें २०२३ सालीं न्यूझीलंडनें वेलिंग्टनला एका धावेनें तो पुन्हां करून दाखविला. परंतु हें सर्व पांचव्या दिवसाचें. १४ मार्चच्या संध्याकाळीं सामना जिंकलेला नव्हता. तो अनिर्णित राहिला असता, तरी त्या दिवसाची किंमत एका पैशानेंहि कमी झाली नसती. शिवाय ज्या लक्ष्मणनें हें केलें, त्यास १३४ कसोटी सामने खेळूनहि विश्वचषकाचा एकहि सामना लाभला नाहीं. कष्टाला सर्वच बक्षिसें मिळतात असें नाहीं. पण कष्टावांचून तो दिवस मात्र उगवला नसता.

सहामाहीचा निकाल लागला, कीं दरवर्षीं कांहीं विद्यार्थी मान खालीं घालून म्हणतात, 'सर, आतां चमत्कार झाला तरच.' अशा बाळांना माझें सांगणें एवढेंच, कीं २७४ कडे पाहत बसूं नका. आधीं त्या वीस धावा काढा. गणिताचें एक प्रकरण, व्याकरणाचा एक धडा, इतकेंच उद्यांचें काम. आणि पालकांस विनंती अशी, कीं तिसऱ्या दिवशींचा फलक पाहून मुलाचा सामना संपला असें त्याच्या देखत म्हणूं नका. लक्ष्मणला वरची जागा देणारे वडीलधारे होते, म्हणून त्याच्या हातून तें काम झालें.

विद्यार्थिमित्रहो, चमत्कार करणें आपल्या हातीं नाहीं, आणि तो आपणांकडून कोणी मागितलेलाहि नाहीं. आपणांकडून मागितलें आहे तें दिवसभराचें काम. आणि शेजारीं उभा असलेला गडी दमला, तर त्याच्यासाठीं आपलें टोंक धरून ठेवणें.