सहीच्या आधी दोन प्रश्न

मैत्रिणींनो, भंडारा, तुमसर, पवनीकडच्या घरात कुणाची अँजिओग्राफी ठरली की गाडी बहुतेकदा नागपूरच्या वाटेला लागते. पैशांची जुळवाजुळव होते, चादरी-डबे भरले जातात. पण हृदयाच्या नसांत जे औषध सोडणार, त्याबद्दल कुणी अवाक्षर विचारत नाही. कागदावर सही मात्र बरेचदा आपलीच!

त्या औषधाला सगळे 'रंग' किंवा 'डाय' म्हणतात. दिसायला ते पाण्यासारखंच. त्यातलं आयोडीन क्ष-किरण अडवतं, म्हणून पडद्यावर नस उठून दिसते आणि अडथळा सापडतो. १९५८ साली अमेरिकेत डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून हा रंग चुकून थेट हृदयाच्या धमनीत गेला, रोगी वाचला, आणि त्यातूनच आजची तपासणी आली. आताचे रंग तेव्हापेक्षा पुष्कळ सौम्य आहेत. क्षणभर अंग गरम वाटतं, त्याला घाबरू नये.

काम झालं की हा रंग किडनीवाटे लघवीतून जातो. खरी गोम इथेच आहे. ज्यांची किडनी आधीच अधू, त्यातून जुना मधुमेह, त्यांना दोन-तीन दिवसांत त्रास होऊ शकतो. म्हणून आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघतात. आपल्या बायकांचं काय, रोवणीत कंबर धरली की दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या, महिनोन्‌महिने खायच्या, आणि डॉक्टरांनी विचारलं तर म्हणायचं, "मला कुठल्याच गोळ्या नाहीत." त्याही गोळ्या किडनीलाच बाधतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन काहींना थोडे दिवस थांबवावी लागते. ती मनाने बंद करू नका, विचारा.

झिंगे सोसत नाहीत म्हणून रंगही सोसणार नाही, हा समज मात्र चुकीचा. झिंग्याची ॲलर्जी त्यातल्या प्रथिनाची, आयोडीनची नव्हे. पूर्वी रंगानेच पुरळ, धाप झाली असेल तर मात्र आवर्जून सांगा.

मला वाटतं, सहीआधी पाच मिनिटं मराठीत समजावणं हे दवाखान्याचं कामच आहे, मेहेरबानी नव्हे. "किडनीचा रिपोर्ट पाहिला का? गोळ्यांचं काय करायचं?" एवढं विचारलं तर कुणाचा अपमान होत नाही. हार्ट अटॅक सुरू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एकेक मिनिट मोलाचं, सही करून मोकळं व्हावं. आणि घरी आल्यावर पाणी किती प्यायचं तेही विचारून घ्या, कारण काही हृदयरोग्यांना जास्त पाणी चालत नाही. लघवी कमी झाली, पाय सुजले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करा.