बंधुत्वाची किंमत

संस्कृतातील 'भ्रातृ' आणि लॅटिनमधील 'फ्रॅटर' हे शब्द एकाच कुळातले. अमेरिकेतील महाविद्यालयांत 'फ्रॅटर्निटी' या नावाने चालणारे विद्यार्थ्यांचे बंधुसंघ आपले नाव याच लॅटिन शब्दावरून घेतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या मुलांचा त्यांच्याशी फारसा संबंध येत नाही; हा प्रामुख्याने पदवी अभ्यासक्रमाच्या चार वर्षांचा विषय आहे. परंतु बारावीनंतर लगेच अमेरिकेची वाट धरणारी मुले आणि तेथेच वाढलेली मराठी कुटुंबांतील पुढची पिढी यांच्यासमोर हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहतो : बंधुसंघात जावे की जाऊ नये?

या प्रथेचे मूळ जुने आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' हे मंडळ स्थापन झाले. ग्रीक अक्षरांचे नाव, गुप्त शपथ, ठरावीक खुणा हा साचा तेथूनच पडला. आज ते मंडळ केवळ गुणवंतांच्या गौरवासाठी उरले आहे. साचा मात्र देशभर पसरला. ज्यांना प्रस्थापित संघांत स्थान नव्हते, त्यांनी स्वतःचे संघ उभारले. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' स्थापन केला. मार्टिन ल्यूथर किंग पुढे त्याचेच सदस्य झाले. १९९८ मध्ये टेक्सास विद्यापीठात दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांनी 'डेल्टा एप्सिलॉन साय' सुरू केला. घरापासून दूर असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला आपली माणसे हवी असतात. ही गरज खरी आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही.

लाभही खरे आहेत. निवासाची सोय, सेवाकार्यासाठी निधी उभारण्याचा अनुभव, आणि मुख्य म्हणजे आयुष्यभर टिकणाऱ्या ओळखी. जॉर्ज बुश पितापुत्र दोघेही येलमधील एकाच बंधुसंघाचे सदस्य होते, यावरून या ओळखींची पोहोच लक्षात यावी. युनियन कॉलेजशी संबंधित अभ्यासकांनी ईशान्य अमेरिकेतील एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची पाहणी केली. बंधुसंघाच्या सदस्यत्वामुळे चारपैकी सरासरी गुणांत सुमारे पाव गुणाची घट होते, परंतु पुढील उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एकाच महाविद्यालयाचा हा हिशेब सर्वांना लागू होईलच असे नाही. तरीही मध्यमवर्गीय पालक हा आकडा वाचून थबकेल, हे उघड आहे.

मात्र या हिशेबात एक रकाना सुटतो. प्रवेशापूर्वी उमेदवाराची 'परीक्षा' घेण्याची रीत, म्हणजे 'हेझिंग', ही आपल्याकडील रॅगिंगचीच सख्खी बहीण. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील एका बंधुसंघाच्या घरात १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या रात्री भरमसाट मद्य पाजले गेले. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. घर माणसांनी भरलेले होते. तरी वैद्यकीय मदत मागवायला जवळजवळ बारा तास लागले. दोन दिवसांनी तो गेला. त्यापूर्वी डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका महाविद्यालयाच्या आशियाई विद्यार्थ्यांच्या संघात असेच घडले. डोळे बांधून, पाठीवर वाळूची पिशवी देऊन नवागताला ढकलले व पाडले गेले. स्थलांतरितांनी सोसलेल्या हालअपेष्टांचे स्मरण म्हणून हा विधी सांगितला जात असे! तोही मुलगा वाचला नाही. म्हणजे 'आपल्या लोकांचा' संघ सुरक्षितच असेल, हा भरवसाही खोटा ठरला.

एकत्र सोसल्याने माणसे जवळ येतात, हा या रीतीच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पंढरीच्या वाटेवर ऊन-पाऊस सगळेच सोसतात; पण तेथे जुना वारकरीही नवख्याच्या पाया पडतो. हेझिंगमध्ये एकाने सोसायचे आणि इतरांनी पाहायचे, शिवाय बाहेर वाच्यता करायची नाही. सदस्यांना पहिला धडा मिळतो तो मौनाचा. म्हणूनच बंधू जमिनीवर निपचित पडलेला असतानाही फोनकडे हात जात नाही. संघाची अब्रू त्याच्या प्राणांहून मोठी ठरते.

अशा वेळी सरसकट मनाई करून भागणार नाही. मनाई झाली की मुलगा सांगायचे थांबवतो. त्याऐवजी चौकशी करावी. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या कायद्याने हेझिंगच्या सिद्ध प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध करणे महाविद्यालयांवर बंधनकारक केले आहे. तो अहवाल आधी वाचावा. सत्राची वर्गणी किती, घरात मद्याचे नियम कोणते, प्रवेशविधीत काय होते, हे मोकळेपणाने विचारावे. शेवटच्या प्रश्नाला 'ते गुपित आहे' असे उत्तर मिळाले, तर निर्णय तेथेच झाला असे समजावे.

आपल्याकडेही महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, तरी वसतिगृहांतील वरिष्ठांचा धाक संपला असे म्हणवत नाही. तेव्हा हा केवळ परदेशाचा दोष नाही. संकटात जो हाक मारतो आणि हाकेला धावतो, तो भाऊ. ही खूण घरातून निघतानाच मुलाला ठाऊक असली, तर ३६ टक्क्यांचे आमिषही त्याला गैर ठिकाणी नेणार नाही.