खोका म्हणायचा की पुठ्ठा?

मंडळी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून काजू आणा, कोकम आणा की मानकुराद, माल बऱ्याचदा पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो. घरी आल्यावर खोका रद्दीत जातो. पण त्याला सरकारदरबारी एक क्रमांक असतो आणि तो चुकला की खिशाला बसतं. हल्ली आपल्यातले बरेच जण घरून लाडू, मसाले, सोलं विकतात, म्हणून आज हा विषय.

जागतिक सीमाशुल्क संघटनेची मालाची यादी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा अंक सगळीकडे तेच. भारतात पुढे दोन जोडून आठ होतात. जीएसटीच्या बिलावरचा एचएसएन क्रमांक तो हाच. कागद आणि पुठ्ठा ४८व्या प्रकरणात येतात.

आता थर बघा. सपाट कागद एकमेकांना नुसते चिकटवले, वर लेप नाही, तर ४८०७. मधला कागद नागमोडी असेल, म्हणजे आपला थ्री-प्लाय पुठ्ठा, तर ४८०८. कागदावर प्लास्टिकचा थर असेल, तर ४८११. फळांच्या रसाचे पॅक ज्यापासून बनतात तो रोल इथलाच. मात्र एका कागदावर चढवलेलं प्लास्टिक एकूण जाडीच्या निम्म्याहून जास्त भरलं, की तो माल प्लास्टिकच्या ३९व्या प्रकरणात जातो. इथे वजन नाही, जाडी मोजतात! आणि ४८०८चाच पुठ्ठा कापून, घड्या पाडून खोका केला की ४८१९. खोका घडी करून सपाट पाठवला तरी तो खोकाच.

आमच्या प्रोग्रॅमिंगसारखेच इथलेही नियम क्रमाने लावायचे असतात. आधी यादीतले शब्द आणि प्रकरणाच्या टिपा. तिथे निकाल लागला नाही, दोन क्रमांक सारखेच लागू वाटले, तर जास्त नेमकं वर्णन असलेला घ्यायचा. तेही जमलं नाही तर मालाला त्याचं रूप कशामुळे आलं ते पाहायचं, आणि शेवटी यादीत जो क्रमांक मागे येतो तो.

यात पैसा कुठे आला? जुलै २०२४ मध्ये खोक्यांवरचा जीएसटी १८ वरून १२ टक्के झाला, सफरचंदवाल्या बागायतदारांना दिलासा म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. त्याच दिवशी ४८०७ आणि ४८०८ मात्र १२ वरून १८ टक्क्यांवर गेले. म्हणजे छोटा खोकेवाला कागद घेताना १८ टक्के भरतो आणि खोका विकताना ५ टक्केच घेतो. वरचा कर परत मागता येतो, पण तोवर त्याचं भांडवल अडकून पडतं.

आपल्यासारख्या छोट्या विक्रेत्याचं गणित आणखी सरळ आहे. जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेला कर परत मिळत नाही. १०,००० रुपयांच्या खोक्यांवर ५०० रुपये कर लागायला हवा. बिलावर चुकून पुठ्ठ्याचा क्रमांक पडला तर १,८०० लागतात. तेव्हा पुढच्या वेळी खोके घेताना बिलावरचे पहिले चार अंक वाचा. ४८१९ नसेल तर पैसे देण्याआधीच विचारा, ‘भाऊ, हा खोका आहे की पुठ्ठा?’