एमीचा दुसरा परवाना

मे १९३० चा दुसरा आठवडा. झाशीच्या लष्करी छावणीतल्या परेडच्या मैदानावर एक छोटे हिरवे विमान अचानक उतरले, झाडे चुकवत धावत गेले आणि बराकींच्या मधोमध अडकून पडले. एक पंख मोडला होता. विमानातून बाहेर आली ती उन्हाने भाजून निघालेली सव्वीस वर्षांची एक मुलगी. अलाहाबादला पोहोचण्याआधीच इंधन संपत आल्यामुळे तिला इथे उतरावे लागले होते. तिने पंखाची पाहणी केली, तिथल्या एका सुताराला हाताशी घेतले आणि दुरुस्ती उरकून पुढची वाट धरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी विमान नेणारी पहिली स्त्री, एमी जॉन्सन, ती हीच.

ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाली ५ मे रोजी. त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर इकडे कराडीच्या मुक्कामी गांधीजींना अटक झाली होती. एमी कराचीला पोहोचेपर्यंत सोलापूर पेटले होते आणि तिथे लष्करी कायदा लागू होण्याच्या बेतात होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला त्या आठवड्यात या गोऱ्या मुलीच्या धाडसाकडे पाहायला फारशी उसंत नसावी. पण आज, आपल्या मुली विमाने चालवू लागल्या असताना, तिची गोष्ट नीट वाचायला हवी. आणि ती वाचताना तिच्या एका कागदाकडे विशेष लक्ष द्यायला हवे.

एमीचा जन्म १९०३ चा, हल या बंदराच्या गावातला. वडील मासळीचे व्यापारी. तिने शेफिल्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरी धरली. फावल्या वेळात विमान शिकायला ती स्टॅग लेनच्या क्लबात जाऊ लागली. १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. एवढ्यावर थांबली असती, तर ती हौशी उड्डाण करणाऱ्या अनेकींपैकी एक ठरली असती. पण ती हँगरमध्ये गेली. तिथल्या मेकॅनिकांच्या हाताखाली इंजिन उघडायला, साफ करायला आणि पुन्हा जोडायला शिकली. त्याच वर्षाअखेर तिने ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळवला. ब्रिटनमध्ये तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

या दुसऱ्या परवान्याची किंमत पुढच्या प्रवासात कळते. निघताना तिच्या खात्यावर शंभर तासही उड्डाण नव्हते. लंडन ते हल हाच तिचा सर्वांत लांबचा प्रवास. ‘जेसन’ हे तिचे जिप्सी मॉथ विमान जुने, विकत घेतलेले. त्याची निम्मी किंमत वडिलांनी आणि निम्मी लॉर्ड वेकफिल्ड यांनी दिलेली. नाव वडिलांच्या मासळीच्या पेढीच्या छापावरून. संपर्काला रेडिओ नाही, डोक्यावर छप्पर नाही. जादा टाकीतले पेट्रोल हाताने पंप करायचे आणि त्याच्या वासाने मळमळत पुढे जायचे. मुक्कामाला उतरल्यावर जेवणाआधी इंजिनाची देखभाल. मग झोप मिळाली तर तीन तास. बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरवले, तेव्हा ती विमान उडून जाऊ नये म्हणून त्याच्या शेपटीवर बसून राहिली.

रंगूनजवळ इनसेनला तर विमान खेळाच्या मैदानावरून चरात गेले. पंख फाटला, पंखा तुटला. सोबत बांधून आणलेला जादा पंखा होता, पण पंखाचे कापड कुठून आणायचे? तिथल्या तांत्रिक शाळेतली मंडळी मदतीला धावली. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या उरलेल्या कापडाचे काहींनी सदरे शिवले होते. तेच सदरे उसवून पंखाला ठिगळे लावली गेली. २४ मे रोजी, सुमारे अकरा हजार मैल कापून, एमी ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली.

खरे तर ती एका अर्थाने हरली होती. बर्ट हिंकलरने हेच अंतर १९२८ मध्ये साडेपंधरा दिवसांत कापले होते. तिला साडेएकोणीस लागले. तरी जगाने तिला डोक्यावर घेतले. ‘डेली मेल’ने दहा हजार पौंड दिले, तिच्यावर गाणी निघाली, गावोगावी मिरवणुका झाल्या. या कौतुकाने ती इतकी थकली की तिची प्रकृती ढासळली. झाशीचा सुतार आणि इनसेनचे सदरे मात्र त्या जयघोषात कुणाच्या लक्षात राहिले नाहीत.

योगायोग पाहा. त्याच मे महिन्यात आगाखान यांच्या बक्षिसासाठी भारत आणि इंग्लंड यांच्यामधले अंतर एकट्याने पार करायला आपल्याकडचे तरुण निघाले होते. मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून पश्चिमेला, तर सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला, आणि शेवटी बक्षीस अस्पींनीच जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. एवढ्या लांबच्या शर्यतीचा निकाल मुठीत मावणाऱ्या एका सुट्या भागावर ठरला.

आता आजच्या आकाशाकडे पाहू. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता ते सिल्चर हे संपूर्ण महिला चमूचे उड्डाण नेले, तेव्हा ती बातमी होती. आज भारतातल्या वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण साधारण पंधरा टक्के आहे. जगाच्या सरासरीच्या ते जवळजवळ तिप्पट भरते. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण एमीचा दुसरा परवाना आपल्या किती मुलींच्या हाती आहे? हँगरमध्ये, इंजिनापाशी, हातात पाना घेतलेल्या मुली कितीतरी कमी दिसतात. कॉकपिटचे दार उघडले. वर्कशॉपचे दार अजून नुसते किलकिले आहे.

हा प्रश्न फक्त मुलींचा नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा देशभर वाहवा झाली. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर माणसांची दैना उडाली. वैमानिकांना पुरेशी विश्रांती देणारे नियम लागू झाले होते, पण त्या हिशेबाने मनुष्यबळाचे नियोजन झाले नव्हते. तीन तास झोपून विमान नेणे एमीला एकदा जमले. तिच्या विमानात प्रवासी नव्हते, हे विसरून चालणार नाही. आपण विमाने मोजतो. ती नेणारी आणि सांभाळणारी माणसे मोजायला विसरतो. नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ पासून देखभालीचा मोठा तळ आहे, असे तळ आणखी वाढतीलही. तिथे काम करणारे हात कुठून येणार, याचा विचार शाळेतच सुरू व्हायला हवा.

एमीचा शेवट चटका लावणारा आहे. दुसऱ्या महायुद्धात ती हवाई दलाची विमाने कारखान्यांतून आणि तळांवरून ने-आण करणाऱ्या संघटनेत दाखल झाली. तिथे स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी पगार मिळे. समान पगार १९४३ मध्ये आला, पण तो पाहायला ती उरली नव्हती. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत तिचे विमान टेम्स नदीच्या मुखाशी कोसळले. तिला वाचवायला पाण्यात उडी घेणारे नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनाही प्राण गमवावे लागले. एमीचा देह कधीच सापडला नाही. तिचे ‘जेसन’ मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

घरात सायकलची चेन निघाली, मिक्सर बंद पडला, की आपण कुणाला हाक मारतो? बहुतेक वेळा मुलाला. मुलीने वैमानिक व्हावे असे आता अनेक आईबापांना वाटते, हे चांगलेच. पण पुढच्या वेळी ती चेन बसवायला मुलीलाही बोलवावे. हात काळे होतील. एमीचेही झाले होते, म्हणूनच ती ऑस्ट्रेलियाला पोहोचली.