पिस्तूल म्हणजे नवा फोन नव्हे

गेल्या खंडेनवमीला आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फोटो आला. पाटावर लाल कापड, त्यावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, झेंडूची फुलं, आणि शेजारी हळदकुंकू वाहिलेलं ग्लॉक ४३एक्स. खाली कॅप्शन: 'यंदा खरी शस्त्रपूजा!'

ग्रुप पेटला. कितीला पडलं? मॅगझिनमध्ये किती बसतात? सिग पी३६५ का नाही घेतलंस? रेड डॉट लावता येतो का? आम्ही सगळे डॅलसच्या आसपास राहणारे, महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून इथे पोचलेले, बहुतेक जण एच-वन-बी व्हिसावर. नवीन फोन घेतला की याच क्रमाने हेच प्रश्न येतात.

चार प्रश्न मात्र कुणीच विचारले नाहीत. घरात तिजोरी आहे का? होल्स्टर कुठलं घेतलंस? शेवटचा सराव कधी केलास? आणि तू ठीक आहेस ना?

मीही विचारले नाहीत. माझं स्वतःचं पिस्तूल येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यामुळे पिस्तूल घेणाऱ्यांशी मला भांडायचं नाही. आपण ते ज्या पद्धतीने घेतो, तिच्याशी भांडायचंय.

माझी एक्सेल शीट अजून ड्राइव्हवर आहे. दहा मॉडेल, चौदा रकाने. ग्लॉक १९: १९८८ सालचं डिझाइन, चार इंची बॅरल, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. सिग पी३६५: २०१८ मध्ये आलं, बॅरल ३.१ इंच, तळहातात मावेल एवढं, तरी मॅगझिनमध्ये १० गोळ्या. प्रत्येक गुणाला वेटेज दिलं, बेरीज केली, आणि पी३६५ पहिलं आलं. येणारच होतं. 'शर्टाखाली लपतं किती' या रकान्याला मी सगळ्यात जास्त वेटेज दिलं होतं. 'मला ते नीट चालवता येतं का' असा रकानाच नव्हता.

पहिल्यांदा रेंजवर गेलो. सात यार्ड, म्हणजे जेमतेम साडेसहा मीटरवर कागद. पन्नास गोळ्या झाडल्या, आणि निम्म्यासुद्धा मधल्या वर्तुळात लागल्या नाहीत. माझी करंगळी मुठीखाली लोंबकळत होती. तिथल्या प्रशिक्षक बाई साठीच्या असतील. त्यांनी माझ्या हातातलं पिस्तूल बाजूला ठेवलं आणि रेंजचं भाड्याचं ग्लॉक १९ दिलं. तेच अंतर, त्याच ९ एमएमच्या गोळ्या, आणि वर्तुळ भरायला लागलं.

यात जादू काही नाही, अकरावीचं भौतिकशास्त्र आहे. गोळीचा संवेग तेवढाच राहतो आणि पिस्तुलाचं वस्तुमान कमी होतं, म्हणून ते जास्त वेगाने उसळतं. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर कमी, म्हणून हाताची तेवढीच चूक कागदावर मोठी दिसते. मूठ आखूड, म्हणून पकड कच्ची. लहान पिस्तूल नवशिक्याचं आहे हा समज बरोबर उलटा आहे. बॅगेत मावणारी इवलीशी पिस्तुलं खरं तर हात बसलेल्यांसाठी असतात. पिस्तुलात खोट नव्हती, माझ्या शीटमध्ये होती. मी ते विकलं आणि ग्लॉक १९ घेतलं. घेण्याआधी भाड्याने चालवून बघितलं असतं, तर हा फेरा वाचला असता.

दुसरी चूक याहून गंभीर होती. पिस्तुलावर पाचेकशे डॉलर खर्च केले आणि होल्स्टर घेतलं मऊ कापडी, स्वस्तातलं. आजची बहुतेक कॉम्पॅक्ट पिस्तुलं स्ट्रायकरवर चालतात. ग्लॉकला बाहेरून सरकवायचा सेफ्टी खटका नसतो, माझ्या पहिल्या पिस्तुलालाही नव्हता. साधारण अडीच किलोच्या जोराने ट्रिगर मागे गेला की गोळी सुटते. तो जोर बोटाचा आहे की आणखी कशाचा, हे पिस्तुलाला कळत नाही. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हाच तुमच्या मांडीचा खरा विमा.

हे मला क्लासमध्ये कळलं. रिकामं पिस्तूल कापडी होल्स्टरमध्ये परत घालण्याचा सराव चालू होता. टी-शर्टची कड आत गेली आणि ट्रिगरवर अडकली. मी नेहमीसारखं खाली दाबलं. 'टक्.'

पिस्तूल रिकामं होतं. नळी माझ्या उजव्या मांडीकडे होती. बाई एवढंच म्हणाल्या, "आता घाई कुणाला होती?" त्या दिवसापासून पिस्तूल बाहेर काढताना कितीही चपळाई केली, तरी परत ठेवताना मी शर्ट हाताने वर धरतो, खाली बघतो आणि सावकाश ठेवतो. कुठल्याही रिव्ह्यू व्हिडिओत यावर दहा सेकंद मिळत नाहीत. गोळ्यांच्या क्षमतेवर वीस मिनिटं मिळतात.

आता कायदा. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. आमच्या ग्रुपवर या वाक्याचा अर्धाच भाग फिरतो: 'परवाना लागत नाही.' बंदी नसलेल्या माणसाला, हा अर्धा भाग गळतो. आणि नेमका तोच आपल्याबद्दल आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळी जवळ ठेवायला मूळात बंदीच आहे. त्याला काही अपवाद आहेत. आपली मंडळी वापरतात तो म्हणजे वैध शिकारीचं लायसन्स.

म्हणजे आम्ही, ज्यांनी उंदीर मारायलाही सोसायटीचा वॉचमन बोलावला, ते हरणाच्या शिकारीचं लायसन्स काढतो. टेक्सासमध्ये राहणाऱ्याला ते पंचवीस डॉलरला मिळतं. सगळे हसतात, 'जुगाड' म्हणतात. पण त्या वार्षिक लायसन्सची मुदत ३१ ऑगस्टला संपते, तुम्ही ते कधीही काढलेलं असो. १ सप्टेंबरच्या सकाळी नूतनीकरण राहिलं असेल, तर कपाटातलं तेच पिस्तूल केंद्रीय गुन्हा होतो. २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे, आणि शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. दहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा राहिलेला माणूस एका विसरलेल्या तारखेवर सगळं लावतोय. सर्टिफिकेट एक्स्पायर होऊन सर्व्हर पडू नये म्हणून आपण तीन अलर्ट लावतो. या तारखेसाठी किती जणांनी लावलाय?

शिवाय राज्याची हद्द असते. दिवाळीला मावशीकडे एडिसनला गाडीने जायचं ठरलं, तर टेक्सासचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही, न्यूयॉर्कमध्येही नाही. टेक्सासमध्येसुद्धा ज्या बारच्या दारावर लाल अक्षरात ५१ टक्क्यांची पाटी असते, तिथे पिस्तूल नेता येत नाही. ऑफिस आत आणायला मनाई करू शकतं. मग दिवसभर ते राहतं पार्किंगमधल्या गाडीत, म्हणजे चोराच्या सोयीच्या जागी. 'कायम जवळ' म्हणून घेतलेली वस्तू अर्धा दिवस काचेमागे एकटी पडून असते.

इथे हमखास एक नाव येतं: श्रीनिवास कुचिभोतला. २२ फेब्रुवारी २०१७, कॅन्सस राज्यातलं ओलेथ. आपल्यासारखाच इंजिनिअर, काम संपवून मित्राबरोबर बारमध्ये बसलेला. वंशद्वेषी शिवीगाळ करणाऱ्या माणसाला बाहेर घालवलं, तो बंदूक घेऊन परत आला आणि गोळ्या झाडल्या. श्रीनिवास गेला. ती बातमी वाचून माझ्याही पोटात गोळा आला होता. पिस्तुलाचा विचार माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला तो त्या बातमीतून, हे मी लपवणार नाही.

पण त्या टेबलाची पुन्हा कल्पना करा. हातात ग्लास आहे, समोर मित्र आहे, आणि ज्याच्या हातात आधीच बंदूक आहे तो मागून येतोय. टेक्सासचा कायदा नशेत पिस्तूल बाळगू देत नाही, आणि तो बरोबरच आहे. अशा क्षणी शर्टाखालचं पिस्तूल उपयोगी पडेलच असं मानणं म्हणजे सिनेमा आहे. कधी पडतंही. रात्री एकटीने गॅस स्टेशनचं दुकान सांभाळणारी बाई किंवा पाठलाग करणाऱ्या माजी नवऱ्यापासून जपणारी बाई पिस्तूल घेते, तेव्हा तिला शहाणपण शिकवायची माझी लायकी नाही. तिच्यापुढचा धोका ठरलेला असतो आणि ती सरावही करते. आमच्या ग्रुपवरचा धोका मात्र 'कधीतरी, कुणीतरी' असा असतो. त्याला नाव नसतं, आणि म्हणून त्याचा सरावही होत नाही.

दुसरं नाव कुणी घेत नाही. योशिहिरो हातोरी, सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये हॅलोविनच्या पार्टीला जाताना चुकीच्या दारावर गेला. घरमालकाने 'फ्रीझ' म्हटलं आणि गोळी झाडली. घरमालक ज्युरीसमोर निर्दोष सुटला. आपण स्वतःला नेहमी बंदूक धरणाऱ्याच्या जागी पाहतो. पण परक्या देशात चुकीचं दार वाजवणारा माणूसही आपणच असतो. आणि आपण गोळी झाडणारे असलो, तर आपल्या अपार्टमेंटच्या भिंती जिप्समच्या पातळ पाट्यांच्या असतात. हुकलेली गोळी त्यातून पलीकडे जाते. पलीकडे शेजाऱ्यांच्या बाळाचा पाळणा आहे.

आता त्या फोटोकडे परत येतो.

फोटोनंतर काही महिन्यांनी त्या मित्राची नोकरी गेली. एच-वन-बीवर नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवा, व्हिसा बदला, नाहीतर निघा. साठानंतर वैध स्टेटस नसताना राहिलात, तर शिकारीचं लायसन्सही तुमचं पिस्तूल कायदेशीर करत नाही. पण मला हे कायद्यासाठी सांगायचं नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "जागा आहेस का रे? येऊ?" आला. हातात प्लास्टिकची बंद पेटी होती. ती त्याने माझ्या डायनिंग टेबलावर ठेवली.

"हे तुझ्याकडे ठेवशील? थोडे दिवस."

"का रे? काय झालं?"

"काही नाही. रात्री झोप येत नाही, आणि ते कपाटात आहे हे आठवत राहतं."

पुढे तो बोलला नाही, मीही लगेच काही बोललो नाही. पोहे केले. तो सोफ्यावर झोपला. सकाळी मी त्याला सरळ विचारलं, की जिवाचं काही करून घ्यायचे विचार येतायत का. तो 'हो' म्हणाला. मग दोघांनी मिळून ९८८ वर फोन लावला.

२०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातली २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. हा आकडा मला पिस्तूल घ्यायच्या आधीपासून माहीत होता. तो माझ्या शीटमध्ये नव्हता, कारण शीटमध्ये धोका बाहेरून येणार होता. आपल्या आयुष्यातले खरे धोके वेगळे आहेत: ले-ऑफचा ईमेल, साठ दिवसांचा हिशेब, आईला फोनवर 'सगळं मस्त चाललंय' म्हणणं, आणि एक खोलीचं रिकामं अपार्टमेंट. त्यांच्यावर गोळी चालत नाही. पण त्या रात्री पिस्तूल तिथेच असतं, हाताच्या अंतरावर. ती वाईट वेळ पुष्कळदा ओसरते. ती ओसरेपर्यंत मध्ये अंतर असावं लागतं, कुलूप असावं लागतं, टेबलापलीकडे कुणीतरी असावं लागतं.

म्हणून पहिलं पिस्तूल घ्यायचंच असेल, तर क्रम उलटा करा. आधी तिजोरी. मग क्लास. मग भाड्याची चार पिस्तुलं चालवून बघणं. मग कडक होल्स्टर. कॅलेंडरवर ३१ ऑगस्ट. वाईट दिवस आले तर पेटी कुणाकडे ठेवायची, त्या माणसाचं नाव, आणि त्याच्याकडे ती कायदेशीर राहील ना याची खात्री. हे सगळं झाल्यावर मॉडेल निवडा, ते पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि यातलं एकही करायचं नसेल, तर पिस्तूल घेऊ नका. घाबरट म्हणतील, म्हणू द्या. अर्धवट बाळगलेलं पिस्तूल कुणाचंही रक्षण करत नाही.

मित्राला त्रेपन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली. डॅलसमध्येच. माझ्या तिजोरीत आज दोन पिस्तुलं आहेत. परवा जेवायला आला होता, तेव्हा तिजोरीकडे बघून म्हणाला, "ते राहू दे अजून." राहू दे म्हटलं. त्याचंच आहे, मागेल तेव्हा मिळेल. फक्त या वेळी आधी चारही प्रश्न विचारीन. सुरुवात चौथ्यापासून करीन.