घर महागले ते गवंड्यामुळे नव्हे

घराच्या बांधकामाचा वा दुरुस्तीचा खर्च का वाढला, असे कोल्हापुरातील कोणत्याही मध्यमवर्गीयास विचारावे, तर पहिले उत्तर ठरलेले असते : गवंडी आणि बिगारी परवडेनासे झाले. बांधकाम व्यावसायिकांना हे उत्तर सोयीचे आहे. खेद याचा, की आपले काही सहानुभूतीदारही तेच बोलू लागले आहेत.

मजुरी वाढली, हे खरे. ती वाढणे न्याय्यही होते. परंतु गवंडी प्रत्यक्ष केलेल्या श्रमाचे दाम घेतो. जमीनमालक आणि सिमेंटचे कारखानदार कशाचे दाम घेतात?

प्रथम जमीन. कोल्हापूर महापालिका १९७२ साली स्थापन झाली. पुढे कित्येक दशके तिची हद्द तीच राहिली. शहर मात्र पाचगाव, मोरेवाडी, उचगावच्या शिवारात पसरले. रस्ता आणि पाणी सार्वजनिक पैशातून येते. त्यामुळे वाढलेली किंमत मात्र भूखंड अडवून बसणाऱ्याच्या खिशात जाते. अर्थशास्त्र यालाच अनर्जित लाभ म्हणते. या लाभाला वेसण घालू पाहणारा १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा धड राबवला गेला नाही, आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो गुंडाळला. त्यातच २०१९ व २०२१ च्या महापुरांनी सुरक्षित जमीन किती तोकडी आहे ते दाखवून दिले. उंचावरची जागा न परवडणाऱ्या सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या वस्त्यांच्या नशिबी पुन्हा पुन्हा दुरुस्तीच येते.

दुसरे सिमेंट. नियंत्रणाच्या काळात वाटपात गैरव्यवहार झाले, हे नाकारण्याचे कारण नाही; त्यापायी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णतः. स्पर्धा भाव उतरवील, अशी ग्वाही होती. प्रत्यक्षात २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर तो आदेश रद्द झाला; आयोगाने २०१६ मध्ये पुन्हा तोच निष्कर्ष काढला. २०१८ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो उचलून धरला, आणि कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. दरम्यान कारखाने मोजक्या उद्योगसमूहांच्या हाती एकवटत आहेत.

तिसरा कर. २०१७ पासून सिमेंटवर २८ टक्के, म्हणजे चैनीच्या मोटारीइतका, वस्तू व सेवा कर होता. तो सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवर आला. म्हणजे आठ वर्षे पत्र्याच्या छताऐवजी स्लॅब टाकू पाहणारा मजूर आणि बंगला बांधणारा धनिक एकाच दराने कर भरत होते. हीच अप्रत्यक्ष कराची 'समता'!

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. नफ्यासाठी पडीक ठेवलेल्या भूखंडांवर वाढता कर बसवावा. सार्वजनिक जमीन विकू नये. श्रमिकांच्या गृहनिर्माण संस्थांना ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी. ज्या जिल्ह्याने साखर आणि दूध सहकारातून उभे केले, त्याने सिमेंट व सळईची घाऊक सहकारी खरेदी का करू नये?

कार्यकर्त्यांनी ही मांडणी वस्त्यांतून न्यावी, आणि मजूरनाक्यावरही. शहराची घरे बांधणारा गवंडी स्वतः भाड्याच्या खोलीत राहतो. महागाईचा आरोपी म्हणून त्यालाच उभे करणे हा त्याच्यावरचा दुहेरी अन्याय आहे.