जुळणीच्या पायरीवर किती काळ?

निर्यातीचा आकडा फुगला की देश पुढे गेला, असे मानण्याचा प्रघात आहे. निर्यात झालेल्या मालातील नेमके किती मूल्य देशात निर्माण झाले, हा प्रश्न मात्र त्या आकड्यामागे दडून राहतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यानंतर मान्यता मिळालेल्या प्रकल्पांत चिपची जुळणी, पॅकेजिंग आणि चाचणी करणाऱ्या कारखान्यांचा भरणा अधिक आहे. याच वाटेने अर्धशतकापूर्वी निघालेल्या मलेशियाचा अनुभव म्हणूनच तपासून पाहण्याजोगा आहे.

मुक्त बंदराचा दर्जा गेल्यानंतर पेनांग बेट बेकारीने ग्रासले होते. मुख्यमंत्री लिम चोंग यू यांनी बायान लेपास येथे मुक्त औद्योगिक क्षेत्र उभारले आणि १९७२ मध्ये इंटेलने अमेरिकेबाहेरील आपला पहिला जुळणी कारखाना तेथे सुरू केला. पाठोपाठ इतर बड्या कंपन्या आल्या, हजारो हातांना काम मिळाले. आज जगातील चिपच्या पॅकेजिंग व चाचणीचा सुमारे १३ टक्के वाटा मलेशियाकडे आहे. तथापि, चिपचा आराखडा आणि अत्याधुनिक उत्पादन ही मोठ्या नफ्याची कामे बहुतांशी इतरत्रच राहिली.

तैवानचा वेगळा मार्ग

तैवाननेही १९६६ मध्ये काओशुंग येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र उघडून अशीच सुरुवात केली होती. पण तेथील सरकार एवढ्यावर थांबले नाही. १९७३ मध्ये सरकारी औद्योगिक संशोधन संस्था स्थापन झाली. १९७६ मध्ये या संस्थेने अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार करून आपले तरुण अभियंते तेथे शिकण्यास धाडले. परतलेल्या अभियंत्यांच्या बळावर १९८० मध्ये यूएमसी आणि १९८७ मध्ये मॉरिस चँग यांच्या नेतृत्वाखाली टीएसएमसी ही कंपनी उभी राहिली. टीएसएमसीमध्ये सरकारचे भांडवल होते, तसेच फिलिप्सचे भांडवल व तंत्रज्ञानही होते.

एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शिह यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी मूल्यसाखळीचे चित्र हसऱ्या ओठांच्या रेषेसारखे मांडले. संशोधन व आराखडा हे एक टोक, ब्रँड व विक्री हे दुसरे. नफा या दोन टोकांना अधिक आणि मधल्या जुळणीला सर्वांत कमी. टीएसएमसीने पुढे उत्पादनातही असे प्रावीण्य मिळवले, की मधला भागच मौल्यवान ठरला. मूल्य कामाच्या नावावर ठरत नाही. ते काम दुसरे किती जण करू शकतात, यावर ठरते.

मलेशियाने प्रयत्नच केले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८९ मध्ये पेनांगमध्ये सरकार, उद्योग व शिक्षणसंस्था यांनी मिळून कौशल्य विकास केंद्र काढले. परकीय कंपन्यांत तयार झालेल्या अभियंत्यांनी चाचणी यंत्रे बनवणारे स्वदेशी उद्योग उभारले. मात्र सरकारी भांडवलावर उभी राहिलेली चिप उत्पादक कंपनी सिल्टेरा जुन्या तंत्रज्ञानातच अडकली आणि २०२१ मध्ये विकावी लागली. अनेक कुशल अभियंत्यांनी अधिक पगारासाठी शेजारच्या सिंगापूरची वाट धरली. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय धोरणात ६० हजार अभियंते घडवण्याचे उद्दिष्ट आहे. मार्च २०२५ मध्ये ब्रिटनच्या आर्म कंपनीशी दहा वर्षांत २५ कोटी डॉलरचा करारही झाला. पन्नास वर्षांनंतर मलेशिया आराखड्याच्या टोकाकडे असा नेटाने वळला आहे.

भारतापुढील प्रश्न

भारताची स्थिती काहीशी उलटी आहे. बंगळुरू, हैदराबाद, पुणे येथे चिपचे आराखडे करणारे अभियंते मोठ्या संख्येने आहेत. परंतु त्यांच्या कामावरील बौद्धिक संपदेचा हक्क बहुतेकदा परदेशी कंपन्यांकडे जातो. साणंद आणि आसाममधील जगीरोडचे कारखाने रोजगार देतील, याचे स्वागतच आहे. धोलेरा येथे तैवानच्या पॉवरचिपच्या साह्याने टाटा समूह उभारत असलेल्या प्रकल्पाची खरी कसोटी मात्र वेगळी असेल. तेथून शिकलेले किती अभियंते पुढे स्वतःचे तंत्र विकसित करतात, हे पाहावे लागेल. सरकारी अनुदानाचे मोजमाप केवळ गुंतवणूक व निर्यातीच्या आकड्यांवर न करता, स्थानिक पुरवठादार, प्रशिक्षण आणि देशात नोंदवलेले पेटंट यांवर व्हायला हवे. जुळणी ही पहिली पायरी म्हणून उत्तम आहे. दुसऱ्या पायरीची तयारी मात्र पहिलीवर उभे असतानाच करावी लागते, हा पेनांगचा धडा आहे.